लांब टाक्यांचा पडदा

नाना गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत आईने दोन गोष्टी ठरवल्या. नानांची मॅटॅडोर कुणाला द्यायची नाही, आणि तिच्यात बसून अजिंठ्याला जायचं.

पहिल्या गोष्टीला कुणाचा विरोध नव्हता, कारण ती गाडी मागायला कुणी आलंही नव्हतं. जेल रोडवरच्या आमच्या कॉलनीत ती कडुनिंबाखाली उभी असायची. एकेकाळी ती मुलांना शाळेत पोचवायची. मालकाने ती निकालात काढली, तेव्हा नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून नुकतेच निवृत्त झाले होते. फिटर माणूस. हाताला काम नसलं की घरातल्या भिंतींना भोकं पाडत बसायचा. आईला वाटलं, निदान भिंती वाचतील. तिने गाडी घ्यायला होकार दिला.

दोन वर्षं नाना त्या गाडीत होते. शाळेची बाकडी काढून त्यांनी दोन झोपायच्या फळ्या टाकल्या, त्यांच्याखाली कपाटं केली. शेगडी घसरू नये म्हणून तिच्याभोवती लोखंडी पट्टी ठोकली. पाण्याच्या कॅनला तोटी बसवली. बाजूचं सरकतं पत्र्याचं दार गंजून रुळावरून उतरलं होतं. ते काढून टाकलं आणि त्या जागी जाळीचं दार केलं. आमचा जुना सागवानी पलंग मोडला होता, त्याच्या फळ्यांची चौकट, आणि तिच्यात बारीक जाळी. कोपऱ्यातले सांधे असे बसवले होते की बोट फिरवलं तरी नखाला लागायचे नाहीत. रात्रीसाठी बाहेरून ताडपत्री सोडायची सोय होती.

जाळी आईसाठी होती. आईला दमा आहे. बंद गाडीत बसलं की तिला घुसमटतं, मग ती एसटी असो की कुणाची मोटार. खिडकी उघडी असूनही तिचा हात सारखा दाराकडे जातो. नाना म्हणायचे, "तुझ्यासाठी अख्खं दारच उघडं ठेवतो, मग तर झालं?"

गाडी तयार झाली ती जुलैमध्ये. ऑगस्टमध्ये नाना गेले. दुपारी जेवून पेपर वाचत बसले होते, तसेच.

आता दुसरी गोष्ट, अजिंठ्याची.

मी बारावीला होते, तेव्हा नाना युनियनच्या सहलीबरोबर अजिंठ्याला जाऊन आले होते. आई माझ्या परीक्षेसाठी घरी थांबली. परत आल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. पायऱ्या किती चढाव्या लागल्या, डबा कुठे खाल्ला, एका चित्रातल्या बाईच्या गळ्यातली मोत्यांची माळ कशी होती, सगळं. शेवटच्या लेण्यांपैकी एकात निजलेला बुद्ध आहे, भिंतभर लांब, हेही सांगितलं. आणि म्हणाले, "त्याच्या पायाशी काय आहे ते मात्र सांगणार नाही. तू स्वतः बघ."

नंतर दर थंडीत जायचं ठरायचं आणि दर थंडीत काहीतरी आडवं यायचं. कधी पाळ्या बदलायच्या, कधी युनिट दुरुस्तीला बंद व्हायचं आणि रजा रद्द व्हायच्या. भाकरी थापता थापता आई मधूनच विचारायची, "पायाशी काय आहे हो?" नाना हसायचे. त्यांच्यातला तो खेळच होऊन गेला होता.

नानांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. आई बराच वेळ ओट्याशी उभी होती. मग म्हणाली, "आता सांगणारं कुणी राहिलं नाही. म्हणजे बघायलाच पाहिजे."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे अजिंठ्यावरची जाड, चित्रांची पुस्तकं आहेत. मी एक घरी आणलं. आईने ते हातात घेतलं, वजन पाहिलं आणि परत दिलं.

"ते म्हणाले होते बघ. वाच नव्हते म्हणाले."

रात्री मी ते पान काढलं. पाहिलं, आणि मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक आपल्या जागी परत गेलं. 

गाडी चालवणार होते झुंबरकाका. नानांचे एकलहऱ्याचे सोबती, कोळसा हाताळणाऱ्या विभागातले. मूळचे सिन्नरकडचे. आमच्या उंबऱ्यात आले की "जय भीम, वहिनी" म्हणत, आणि बाहेर पडताना "राम राम". नाना म्हणायचे, हा येताना माझा असतो, जाताना स्वतःचा. त्या मॅटॅडोरचा दुसरा गिअर आधी वर उचलून मग डावीकडे ढकलावा लागे, आणि हे जमणारे दोघेच होते. त्यातले एक उरले होते.

डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही पांडवलेण्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. रंगीत तालीम. आई जाळीच्या दाराशी स्टुलावर बसली, शाल घेऊन. पहिला पाऊण रस्ता ती खुशीत होती. पण नाशिकची सकाळची थंडी, त्यात चालत्या गाडीचा वारा, त्यात ट्रकांची धूळ. जाळीने डास अडतात, बाकी काही अडत नाही. पाथर्डी फाट्याला ती खोकायला लागली. लेण्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा तिच्या छातीची शिट्टी मला पुढच्या सीटवर ऐकू येत होती. मी ताडपत्री सोडली. आत अंधार झाला, आणि तिने दोन्ही हातांनी ती बाजूला सारली.

"गोणीत घातल्यासारखं वाटतं मला. उघड."

तिला तीन दिवस नाकाला वाफेचं यंत्र लावावं लागलं. डॉक्टर चांगले होते, रागावले नाहीत. "धूळ आणि गार वारा, दोन्ही नको," म्हणाले. "थंडी जाऊ द्या, मग बघू."

उन्हाळ्यात अजिंठ्याचा तो डोंगर तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात हा दमा तिला उठूच देत नाही. म्हणजे पुढची थंडी. आणि झुंबरकाका संक्रांतीनंतर रांगडा कांदा काढायला लेकीकडे सटाण्याला जाणार, तिथून आल्यावर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन. पुढे गाडी चालवायला मिळेल की नाही ते त्यांनाच माहीत नव्हतं. आई मात्र पुढच्या थंडीचं नावही काढत नव्हती. बासष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागत होती, आणि मध्ये एक दार होतं. उघडं ठेवलं तर वारा, बंद केलं तर अंधार.

"त्यात काय एवढं?" झुंबरकाका म्हणाले. अंगणात बसून ते चहा बशीत ओतून पीत होते. "रिक्षावाले पावसाळ्यात काय करत्यात? आरपार पिलाष्टिक लावत्यात. पाऊस बी नाय, अन् बाहेरचं सगळं दिसतं. आपला चंदर असता तर एव्हाना लावून मोकळा झाला असता."

चंदर म्हणजे नाना. त्यांना या नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणी राहिलेलं नव्हतं.

मी मेन रोडला जाऊन टेबलावर अंथरायचं जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं. आता ते दाराला लावायचं कसं, हा प्रश्न होता. खिळे ठोकले असते तर काम दुपारभरात झालं असतं. मी हातोडी घेऊन गाडीत गेलेही. चौकटीवर तेलाचा हात अजून ताजा होता, जुलैमधला. मी हातोडी घेऊन परत आले आणि म्हणाले की खिळ्यांनी प्लास्टिक फाटेल.

"मग नाड्या लावू," आई म्हणाली. "कडेला कापडाची पट्टी शिवते, तिला नाड्या. बांधायच्या चौकटीला. उन्हात सोडायच्या."

शिवणं तिच्याकडे आलं हे बरंच झालं. आईच्या गोधड्या आमच्या कॉलनीत प्रसिद्ध आहेत. बाळंतपण जवळ आलं की लोक तिच्याकडे जुनी लुगडी घेऊन येतात. तिचा टाका तांदळाच्या कणीएवढा असतो, आणि शेवटचा टाका पहिल्याइतकाच. मशीनवर प्लास्टिक चिकटायला लागलं, सरकेना, तेव्हा तिने ते सरळ मांडीवर घेतलं आणि हाताने शिवायला बसली. नाना गेल्यापासून तिने सुई हातात धरली नव्हती. चार संध्याकाळी ती शिवत होती. जुन्या सुती साडीचा हिरवा काठ, त्याच्यावर पांढऱ्या दोऱ्याची बारीक, सरळ रेघ. झुंबरकाका येऊन बघून गेले आणि म्हणाले, "वहिनी, हे दाराला लावायचं का पाळण्यात टाकायचं?"

"तुम्ही गिअर सांभाळा," आई म्हणाली.

पुन्हा रविवार, पुन्हा पांडवलेण्याची दिशा. पडदा मस्त बसला होता. आत वारा नव्हता, उजेड होता. आई स्टुलावर बसून दत्त मंदिर गेलं, फेम टॉकीज गेलं, असं एकेक नाव घेत होती. जणू गाडी उभी होती आणि नाशिकच तिच्यासमोरून चाललं होतं. खोकला नाही. मी झुंबरकाकांकडे पाहिलं, त्यांनी एक भुवई वर केली.

द्वारकेला सिग्नल सुटला आणि दाराच्या बाजूने एक ट्रक आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. प्लास्टिक पोटासारखं आत फुगलं, मग तसंच बाहेर ओढलं गेलं, आणि चर्रकन आवाज आला. हिरवा काठ नाड्यांसकट जागेवर राहिला. मधलं सगळं प्लास्टिक सुटून उडालं आणि रस्त्याच्या कडेच्या केळ्यांच्या गाडीवर जाऊन पसरलं.

"ओ काका!" केळीवाला ओरडला. "तुमची खिडकी पडली!"

झुंबरकाकांनी गाडी कडेला घेतली. मागचे हॉर्न वाजवत होते. मी जाऊन प्लास्टिक आणलं. केळीवाल्याने घडी घालून दिलं, वर म्हणाला, "ताई, दार बी बघून घ्या, नायतर पुढच्या चौकात ते बी पडंल." आईने तोंडावर पदर धरला होता. मला वाटलं ती हसतेय. ती खोकत होती.

घरी आल्यावर तिने हिरवा काठ नाड्यांवरून सोडवला, मांडीवर घेतला आणि बोटाने चाचपला. टाके सगळे शाबूत होते. एकही दोरा तुटला नव्हता. तिने काठाची गुंडाळी केली आणि शिवणाच्या डब्यात ठेवली.

"राहू दे आता," ती म्हणाली. "नसेल व्हायचं."

त्या आठवड्यात तिने अजिंठ्याचा विषय काढला नाही. भाकरी करायची, दुपारी पडायची, संध्याकाळी दारात बसायची. मी दोनदा काहीतरी बोलायला गेले, आणि दोन्ही वेळा तिने विचारलं, "भाजी कुठली करू?"

ग्रंथालयात टपाल पाठवायचं काम माझ्याकडे आहे. गुरुवारी मी तिकिटांच्या पानातून तिकिटं फाडत होते. भोकांच्या ओळीवरून, सरळ. एक ओळ फाडली, दुसरी फाडली, आणि थांबले. पिशवीत ते प्लास्टिक होतं. ते दुसऱ्या कशाला वापरावं म्हणून मी घेऊन फिरत होते. मी त्याची कड काढून तिकिटांच्या कडेशेजारी धरली. दोन्ही कडांना तेच बारीक दात होते.

संध्याकाळी मी ते आईपुढे ठेवलं.

"आई, टाके फार जवळ पडले."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "काय?"

"गोधडीचं कापड टाक्याला जागा देतं. सुई धाग्यांच्या मधून जाते. प्लास्टिकमध्ये मधून असं काही नसतं. जिथे सुई गेली तिथे भोक. तुझे टाके इतके जवळ, की भोकांची रांग झाली. ओढ बसली आणि तिकिटासारखं फाटलं."

"चाळीस वर्षं मी असेच टाके घालते."

"माहीत आहे."

"माझ्या टाक्यांना अजून कुणी नाव ठेवलेलं नाही."

"मीही नाही ठेवत. प्लास्टिकला ते सोसत नाहीत, एवढंच."

तिने कड उचलून उजेडात धरली. बराच वेळ तिने एकेका दातावरून नख फिरवलं. मग प्लास्टिक खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला शाळेतला शिवणाचा तास आठवला. मी तिथे शिवलेलं घरी आणलं की आई ते उसवायची. म्हणायची, कापडावरून उंट चाललाय की काय.

"मग तुझे टाके घाल," ती म्हणाली.

"माझे?"

"हो. उंटाचे. एक इथे, एक तिथे. देवाशप्पथ, मला ते मुद्दाम घालायला जमणार नाहीत."

तेव्हा ती हसली. नाना गेल्यावर पहिल्यांदाच, आणि माझ्या शिवणावर. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

पुढचं सगळं तिने सांगितलं आणि मी केलं. या वेळी साडीचा काठ नको, ती म्हणाली. कपाटातून तिने नानांची खाकी पँट काढली, ड्युटीवरची. मी काही म्हणायच्या आत तिने कात्री लावली. "जाड आहे," एवढंच म्हणाली. खाकीच्या रुंद पट्ट्या काढल्या, प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंनी दुमडल्या, म्हणजे ओढ कापडाला बसेल, प्लास्टिकला नाही. एक मोठा पडदा नको, दोन करू. खालचा गुडघ्यापर्यंतचा वारा अडवेल, वरचा वाटेल तेव्हा उघडता येईल. आणि अगदी वर चार बोटं जाळी मोकळी ठेवायची, श्वासाला. मी टाके घालत होते आणि ती मध्येच म्हणायची, "अजून लांब. हा जवळ आला. हा माझ्यासारखा झाला, सोड तो."

"आणि नाड्या नकोत," ती म्हणाली. "नाड्यांमुळे ते फुगतं. चारी बाजूंनी आवळलं पाहिजे. जीपच्या हूडला असतात तशी फिरकीची बटणं मिळतात ना?"

मिळतात. पण ती बसवायची तर चौकटीला स्क्रू लागतात. मी सुई खाली ठेवली.

"दुसरं काहीतरी बघू," मी म्हणाले. "चिमटे लावू. किंवा दाराच्या बाहेरून वेगळी चौकट करून घेऊ."

आई उठली आणि आतल्या खोलीत गेली. परत आली ती नानांचं ड्रिल मशीन घेऊन. वायर तिच्या मागे फरशीवरून घसरत आली.

"भोकं पाड."

"आई, ते दार नानांनी..."

"माहीत आहे कुणी केलं. ह्या घरात त्यांनी भोक पाडलं नाही अशी एक भिंत दाखव मला." तिने हात फिरवला. कॅलेंडरच्या जागा, घड्याळाच्या जुन्या जागा, पंख्याच्या बटणाजवळची ती कशासाठी होती ते कुणालाच न आठवणारी तीन भोकं. ती वर्षानुवर्षं टूथपेस्टने बुजवत आली होती. "त्यांना भोकाचं काही वाटायचं नाही. आणि तू हातोडी घेऊन गेलीस आणि परत आलीस, ते मी खिडकीतून पाहिलं."

मी वायर गुंडाळायला घेतली.

"दार आहे ते, रोहिणी. स्तूप नाही. बसलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून केलंय."

रविवारी सकाळी आम्ही घरातून वायर ओढून कडुनिंबाखाली नेली. झुंबरकाकांनी दार धरलं. पहिल्या भोकाला माझा हात थोडा तिरका गेला. लाकडाचा पिवळसर भुगा माझ्या मनगटावर पडला, आणि जुन्या सागाचा तो कडसर वास आला. पलंग मोडला तेव्हाही तोच आला होता.

"तिरकं गेलं," मी म्हणाले.

"त्यांचंही पहिलं तिरकंच जायचं," आई म्हणाली. "पुढचं पाड."

दुसरं सरळ गेलं. नंतर मी मोजायचं सोडून दिलं. बटणं बसली, पडदे ताणले, फिरक्या वळवल्या. झुंबरकाकांनी दोन्ही तळहातांनी प्लास्टिक दाबून पाहिलं, ढोलक्यासारखं वाजवून पाहिलं. मग वाकून माझ्या टाक्यांकडे निरखून बघितलं.

"हे कोणी घातले? शिवायला घेतलं व्हतं का रस्ता मोजायला?"

"चेष्टा करू नका भाऊजी," आई म्हणाली. "मुद्दाम घातलेत."

त्याच दुपारी आम्ही द्वारकेपर्यंत जाऊन आलो, मुद्दाम. ट्रक आले, पडदा थरथरला आणि जागेवर राहिला. केळीवाला तिथेच होता. त्याने आम्हाला ओळखलं आणि हात वर केला. आईने आतून हात हलवला. तिला दिसत होतं, त्याला दिसत होतं, आणि मध्ये धूळ होती ती बाहेर होती.

डॉक्टरांना पडदा दाखवायला आई त्यांना दवाखान्याबाहेर घेऊन आली. त्यांनी छाती तपासली, मग दार तपासलं आणि म्हणाले, "जाऊन या. पंप जवळ ठेवा."

झुंबरकाका म्हणाले, "लेकीला फोन केलाय. दोन दिस उशिरा येतो म्हनलं. कांदे काय पळून जात नाय."

संक्रांत झाल्यावर निघालो. निफाडकडे द्राक्षांचे मांडव लागले, मग येवला, वैजापूर. आई स्टुलावर बसली ती जेवणापुरती उठली. तिला जे दिसे ते ती बोलून दाखवे: ऊस तुटायला आलाय; ह्या बाईने किती सरपण उचललंय बघ; ह्या गावात सगळी घरं निळी का? मला उत्तरं माहीत नसायची आणि तिला ती नको असायची. खाली, तिच्या गुडघ्याशी, नानांची खाकी पट्टी वाऱ्याने किंचित थरथरत होती. औरंगाबादच्या पुढे सिल्लोडला एका पेट्रोल पंपाशेजारी मुक्काम केला. झुंबरकाका पुढच्या सीटवर घोरत होते.

सकाळी मी आधी उठले आणि पाणी आणायला बाहेर पडले. परत आले तर दाराचे दोन्ही पडदे पांढरे झाले होते. आतल्या श्वासाची वाफ थंड प्लास्टिकवर बसली होती. काही दिसत नव्हतं. क्षणभर मला वाटलं, आता तिला घुसमटणार. मी हाक मारणार तेवढ्यात आतून पदराचं टोक फिरलं. आधी एक पट्टा, मग दुसरा, आणि त्या स्वच्छ झालेल्या गोलात आईचा चेहरा आला. केस विस्कटलेले, चष्मा नाही. ती रात्रभर झोपली होती. छातीची शिट्टी नव्हती.

"काय बघतेस?" ती आतून म्हणाली. "चहा टाक."

फर्दापूरला गाड्या थांबवतात, पुढे तिथल्या बसने जावं लागतं. बस उघडी-उघडी होती आणि रस्ता थोडा. आईने पदर नाकावर घेतला आणि तो पार केला. पायऱ्या चढायला डोलीवाले असतात. आई आधी नको म्हणाली, मग बसली, आणि चौघांनी उचलल्यावर खाली वाकून म्हणाली, "तुमच्या खांद्याला लागतंय का रे?" त्यांतला मागचा म्हणाला, "आजी, तुम्ही कापसाच्या हायेत." वाटेतल्या चित्रांच्या लेण्यांकडे तिने बघितलं, पण थांबली नाही. "येताना," म्हणाली.

निजलेला बुद्ध, महापरिनिर्वाणाच्या वेळचा, डाव्या भिंतीला आहे. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. आई भिंतीच्या कडेकडेने चालत गेली. मी मागे राहिले. ती त्या लांब देहाच्या बाजूने डोक्यापासून चालत पायापर्यंत गेली आणि थांबली.

पायाशी एक भिक्खू बसला आहे. गालाला हात लावून, मान एका बाजूला कललेली.

मी जवळ गेले तेव्हा तिने विचारलं, "हे कोण?"

"आनंद. त्यांचा चुलतभाऊ. पंचवीस वर्षं त्यांच्या सोबत होता."

"आता तो काय करतोय?"

"बसलाय."

"हो," आई म्हणाली. "बसलाय नुसता."

एक सहल आत आली, मार्गदर्शक मोठ्याने बोलू लागला, बॅटरीचा उजेड वरच्या गंधर्वांवर फिरला आणि सहल निघून गेली. आई तशीच उभी होती. मी तिच्या छातीचा आवाज ऐकायला कान दिला. श्वास हलका होता.

"म्हणून सांगितलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटायचं गंमत करतात. त्यांना सांगताच येत नसणार. हे एकट्याने बघून आले होते ना."

तिने वाकून हात जोडले. मग पदर सावरला. "चल. भाऊजी चहासाठी खोळंबले असतील."

येताना तिने चित्रंही पाहिली. मोत्यांची माळ तिला सापडली, आणि नानांनी सांगितली होती त्याहून लहान निघाली.

खाली गाडीशी आलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. झुंबरकाका टायरला टेकून शेंगा खात होते. आई आत चढली, स्टुलावर बसली, आणि वरच्या पडद्याच्या फिरक्या स्वतःच वळवू लागली. त्या तिरक्या भोकातली फिरकी थोडी अडते. तिने ती अंगठ्याने दाबून वळवली. पडदा दुमडून वर अडकवला. खालचा तसाच ठेवला.

"भाऊजी, परत जाताना वेरूळ लागतं ना?"

"लागतं की. पर मग एक मुक्काम वाढंल, वहिनी. माझे कांदे?"

"कांदे पळून जात नाहीत," आई म्हणाली, आणि जाळीतून बाहेर बघू लागली.